नावं ठेवायला माणूस नाही

आमच्या मंडळाच्या गणपतीत काकांना प्रमुख पाहुणे म्हणून एकदाच बोलावलं गेलं. पुन्हा का बोलावलं नाही, हे त्यांचं भाषण ऐकलेल्या कोणाला विचारायची गरज नाही. अध्यक्षांनी आधी त्यांचा सविस्तर परिचय करून दिला. त्यात 'सेतू' हा शब्द इतक्यांदा आला की हॉलबाहेर नदी असावी असं वाटायला लागलं. परदेशात केस पांढरे झालेल्या माणसाला सेतू व्हायला फारसं काही करावं लागत नाही; नुसतं पडून राहिलं तरी चालतं. परिचय संपला तसे काका उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मोदकांची पारी जाड आहे. कळ्या बऱ्या पडल्यात. बसतो."

आणि बसले.

मी जपानात, कोबेत, नवीन होते. मला हसू आलं, आणि ते व्यासपीठापर्यंत ऐकू गेलं. नंतर प्रसादाच्या रांगेत काका माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"तू का हसलीस?"

"पारी खरंच जाड होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मी नवीन आहे."

"मी जुना आहे म्हणून मला बोलू देतात असं वाटतं तुला? मलाही कोणी बोलू देत नाही. मी बोलतो." मग त्यांनी मला जरा निरखून पाहिलं. "करतेस काय?"

"टेस्टर आहे."

काकांचा चेहरा उजळला. माझ्या व्यवसायाचं नाव ऐकून कोणाचा चेहरा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "अरे वा. रविवारी घरी ये जेवायला. मी किती दिवस टेस्टर शोधतोय."

चव आणि चाचणी, या दोन्हींसाठी आपण मराठीत इंग्रजीतून उचलून 'टेस्ट' असंच म्हणतो आणि तसंच लिहितो. आजवर त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला, शेगडीवरची काळी हंडी पाहिली, वास घेतला, आणि घोटाळा लक्षात आला.

"काका, मी सॉफ्टवेअरची टेस्टर आहे. ॲप कुठे अडकतं, ते बघते."

"म्हणजे चव नाही घेत."

"नाही. आणि मी बीफ खात नाही."

"मी तरी कुठे खातो," काका म्हणाले आणि ओट्यावरचा डाग पुसायला लागले.

काका अंडंही खात नव्हते. पुण्याहून तरुणपणी कोबेला आले, जहाजांच्या कचेरीत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. डोंगराच्या उतारावर, स्टेशनपासून दम लागेल इतक्या चढावर, एका अरुंद गल्लीत त्यांचं दुमजली भाड्याचं घर होतं. त्यांचा स्वभाव नावं ठेवण्याचा होता. पण तो कडवट माणसाचा नव्हता, रसिकाचा होता. ट्रेन वेळेवर आली तर ते गप्प राहत. फलाटावरची सूचना व्याकरणात चुकली तर दिवस चांगला गेला म्हणत. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पोहे खाऊन म्हणाले, "कांदा घाईत परतलायस." माझा नवरा जरा दुखावला, कारण पोहे त्याने केले होते. पुढच्या वेळी त्याने कांदा सावकाश परतला. काकांनी पुन्हा मागून घेतले आणि काही बोलले नाहीत. पुण्यात याला पुरस्कार म्हणतात.

बायकोचं नाव ते घेत नसत. 'आमची मंडळी' म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्या गणपतीच्या मंडळाबद्दल बोलताहेत. पण 'मंडळींचं माहेर अमेरिकेत, ओहायोचं' असं आलं तेव्हा उलगडा झाला. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्यांना कधी पाहिलं नाही. भिंतीवर फोटोही नव्हता, कारण त्यांच्या माहेरी फोटो काढून घेत नाहीत आणि ती एक सवय त्यांनी कायम ठेवली.

त्यांचं माहेर अमिश. हे कोण, हे काकांनी मला असं समजावलं: "सोवळं पाळणारे शेतकरी. फक्त यांचं सोवळं विजेचं आणि मोटारीचं." घोडागाडीतून फिरणारी, साधे कपडे घालणारी, देवाला आणि शेजाऱ्याला धरून राहणारी ख्रिस्ती माणसं. त्यांच्यात वयात आल्यावर स्वतः ठरवून दीक्षा घ्यायची असते. काकूंनी घेतली नाही. भांडण न करता बाहेर पडल्या, इंग्रजी शिकवायला कोबेला आल्या, आणि येताना एक बिडाची हंडी घेऊन आल्या.

"कपडे दोन जोड आणि ही हंडी," काका म्हणाले. "ती उचलायला मी मदत केली. उचलली तेव्हा कळलं, ही बाई परत जाणार नाही."

त्या हंडीत दर रविवारी एकच पदार्थ होई. गाईच्या मांसाचा मोठा तुकडा, कांदे, गाजरं, बटाटे, तमालपत्र, सोय सॉस, आणि कपभर कडक काळी कॉफी. झाकण लावायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि घराबाहेर पडायचं. ओहायोत लोक प्रार्थनेला जात आणि परत येईपर्यंत मांस चमच्याने तुटेल इतकं मऊ होई. झाकण मधे उघडायचं नाही, हा कडक नियम.

"काका, ओहायोच्या शेतावर सोय सॉस कुठून आला?" मी एकदा विचारलं.

"मीही विचारलं होतं. म्हणाली, आईच्या फडताळात बाटली होती. याच्या पुढे इतिहासात जाऊ नये."

मला हे पटलं. परंपरा ही बहुतेक वेळा कोणाच्या तरी फडताळात जे सापडलं तिथूनच सुरू झालेली असते. 'पारंपरिक' हे लेबल नंतर कोणीतरी चिकटवतं.

हंडी बारा माणसांची होती आणि काकूंना कमी करता येत नसे, म्हणून गल्लीतली माणसं जेवायला यायला लागली. समोरच्या मोरिता-सान, एकट्या, निवृत्त, करारी. कोपऱ्यावरचे न्हावी आणि त्यांची बायको. आणखी दोघं-तिघं, सगळी पिकली पानं. काका त्याच टेबलाच्या टोकाला वरणभात घेऊन बसत. काकू गेल्यावर एक महिना टेबल बंद होतं. मग एका रविवारी काकांनी हंडी खाली काढली.

आता, ज्या माणसाने आयुष्यात मांस चाखलेलं नाही त्याने ते कसं शिजवावं? मी हे विचारलं तेव्हा काकांना माझ्या अज्ञानाचं आश्चर्य वाटलं.

"तुमच्याकडे नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव घेतात?"

"नाही."

"मग? पुरणाची, कटाची, भाजीची, आमटीची, कशाचीच नाही. माझी आई वासावर मीठ घालायची. आधी देव जेवणार, मग आपण. चव न घेता स्वयंपाक करणं ही काय नवी गोष्ट आहे आपल्याकडे?"

"पण काका, नंतर आपण जेवतो ना. तेव्हा कळतं मीठ कमी पडलं ते."

"तेव्हा आत्या सांगायची," काका म्हणाले. "आईला मीठ कळायचं ते आत्यामुळे." आम्ही दोघंही एकाच ठिकाणी येऊन पोचलो होतो.

अडचण तीच होती. आत्या नव्हती.

टेबलावर दर रविवारी एकच शब्द ऐकू येई: ओइशी. चविष्ट. मोरिता-सान पहिला घास घेत, डोळे किंचित मिटत आणि म्हणत, ओइशी देसु. न्हावी म्हणत, फार ओइशी. त्यांची बायको मान हलवत म्हणे, खरंच ओइशी. शहरातल्या रेल्वेच्या सूचनांसारखं ते होतं: स्वच्छ, सभ्य, आणि तुमच्यासाठी खास असं त्यात काही नाही. आपसात ही माणसं कोबेच्या बोलीत बोलत, एकमेकांना टपल्या मारत, न्हाव्याच्या टकलावर विनोद होत. काकांकडे वळली की आवाज बदले आणि भाषा इस्त्री होऊन येई.

"चाळीस वर्षं झाली या देशात," काका मला म्हणाले. "ज्याला कोणी नावं ठेवत नाही, तो पाहुणा गं. घरच्याला नावं ठेवतात."

म्हणून त्यांना टेस्टर हवा होता. मी चव घेणार नव्हते, पण दर रविवारी साडेबारापर्यंत पोचून टेबलाच्या कोपऱ्यात बसू लागले आणि माझ्या पद्धतीने बघू लागले. वापरणारा काय म्हणतो याकडे टेस्टर लक्ष देत नाही. त्याचा हात कुठे थांबतो ते पाहतो. मोरिता-सान गाजर बाजूला सारत. न्हावी एक घास पुष्कळ वेळ चावत आणि पाण्याच्या ग्लासाकडे बघत. त्यांच्या बायकोच्या ताटलीत रस्सा संपे, मांस उरे, आणि ते ती रुमालात गुंडाळून 'रात्रीसाठी' घरी नेई. त्यांच्याकडे एक मांजर होतं. ते त्या वर्षी बरंच सुधारलं.

मी हे काकांना सांगितलं. मांजराचं सोडून.

"म्हणजे बिघडतंय."

"म्हणजे काहीतरी अडतंय. काय ते त्यांनाच माहीत."

"मांस चुकीचं असेल," काका म्हणाले, आणि आम्ही खाटकाकडे गेलो.

कोबेत मांस विकत घेणं हा एक धार्मिक विधी आहे. दुकानात सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्यावर गाईचं घराणं असतं, आणि नाकाचा ठसा. आमच्या कितीतरी लग्नांत नवऱ्या मुलाची एवढी चौकशी होत नाही. पांढऱ्या टोपीतला खाटीक दोन्ही हातांनी, चरबीची नक्षी असलेला गुलाबी तुकडा घेऊन पुढे आला.

"हे नको," काका जपानीत म्हणाले. "सगळ्यात चिवट कोणतं आहे?"

खाटकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने लवून माफी मागितली.

"चिवट. काम केलेल्या गाईचं. खांद्याचं."

"आमच्याकडे चिवट काही नाही," खाटीक म्हणाला, आणि असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर, चिवट मांस न ठेवल्याबद्दल, खरीखुरी दिलगिरी होती. शेवटी आम्ही सुपरमार्केटात जाऊन बाहेरच्या देशातून आलेलं स्वस्त मांस घेतलं. काकूही तेच घेत. म्हणजे मांस बरोबर होतं. अडचण तिथेच राहिली.

मग दुधाचा रविवार आला.

हंडीत घालायची कॉफी काका चढावाखालच्या कोंबिनीतून आणत. चोवीस तास उघडी असलेली ती दुकानं जपानचा खरा कणा आहेत, बाकी सगळं दिखावा. तिथे कप घ्यायचा, मशीनखाली ठेवायचा, बटण दाबायचं. त्या आठवड्यात मशीन नवीन आलं होतं, बटणांऐवजी चित्रं होती, आणि काकांनी चष्मा घरी ठेवला होता. घरी येऊन त्यांनी कप हंडीत ओतला, झाकण लावलं आणि नेहमीसारखे फिरायला गेले. काकू प्रार्थनेऐवजी त्यांच्याबरोबर डोंगरावरच्या वाटेने जात. काका ते अजून पाळत.

टेबलावर झाकण उघडलं तेव्हा रस्सा मातकट पांढरा होता आणि त्यावर फुटलेल्या दुधाच्या कण्या तरंगत होत्या. दुधाची कॉफी होती. मी काकांकडे पाहिलं, काकांनी हंडीकडे. पण तोवर न्हाव्याच्या बायकोने वाढून घेतलं होतं.

मोरिता-सान यांनी पहिला घास घेतला. डोळे किंचित मिटले.

"ओइशी देसु."

"आज चवीला खोली आहे," न्हावी म्हणाले.

काकांनी वरणभाताचं ताट बाजूला सारलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर ते हंडी घासत बसले. बीड साबणाने घासायचं नसतं, म्हणून मीठ घेऊन.

"घराचा करार या महिन्याअखेर संपतोय," ते म्हणाले. "एजंटचा फोन येतोय. पुतण्या म्हणतो, या काका पुण्याला, खोली रिकामी आहे. मी त्याला थांबवून धरलंय."

"कशासाठी?"

"या टेबलासाठी. अजून कशासाठी? मला वाटलं, हे टेबल चालतंय तोवर मी इथला." त्यांनी हंडी उलटी केली. "हे लोक माझ्यावर दया करून जेवतात. दूध नासलेलं जेवले आज. दयेचं टेबल मला नको. पुढच्या रविवारी शेवटचं करतो, नीट, काळी कॉफी घालून. सोमवारी एजंटला नाही म्हणून सांगतो."

"तुम्हाला जायचंय?"

"नाही," काका म्हणाले. हे त्यांनी फार चटकन म्हटलं, आणि उलटी केलेली हंडी पुन्हा पुसायला घेतली.

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं मला आवडत नाही. नोकरीत त्याचा पगार मिळतो, बाहेर मिळत नाही. तरीही बुधवारी सकाळी मी ऑफिसला जाताना वाकडी वाट करून त्यांच्या गल्लीत गेले. बुधवार हा प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा दिवस. मोरिता-सान कोपऱ्यावर पिशव्यांवर कावळ्यांसाठीची निळी जाळी नीट पसरत होत्या. कोणीतरी प्लॅस्टिकात पत्र्याचा डबा टाकला होता, तो त्यांनी दोन बोटांनी बाहेर काढून वेगळा ठेवला. गल्लीत कोणाचं काय चुकतं हे त्यांना पुरेपूर माहीत होतं, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

मी माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत सांगितलं की काका जाणार आहेत.

"कुठे?"

"भारतात. कायमचे."

मोरिता-सान यांच्या हातातली जाळी थांबली. "तब्येत?"

"तब्येत बरी आहे. पण जेवण कसं होतं ते त्यांना कोणी सांगत नाही. सगळे ओइशी म्हणतात. त्यांच्या गावाकडे जेवणाला नावं ठेवली नाहीत तर त्याचा अर्थ असा होतो की... " इथे माझी जपानी संपली. मी जुळवाजुळव केली. "की तुम्ही आमचे नाही."

मोरिता-सान यांनी दातांतून हवा आत ओढली. जपानमध्ये हा आवाज आला की समजावं, माणूस खरोखर विचार करतोय.

"बायको गेलेल्या माणसाला कोण नावं ठेवेल?" त्या म्हणाल्या.

"त्यांच्या गावचे सगळे," मी म्हटलं.

त्यांनी जाळीच्या कोपऱ्यावर वीट ठेवली, मला लवून नमस्कार केला आणि घरात गेल्या.

रविवारी मी थोडी लवकर पोचले, म्हणजे काका फिरून आले तेव्हा मी दारातच होते. हंडी शांत होती. सगळे जमले. काकांनी नवीन टेबलक्लॉथ घातला होता आणि त्याची घडी मोडलेली नव्हती. त्यांनी झाकण उघडलं. रस्सा काळाभोर, चकचकीत. वासात मला, न खाणारीलाही, काही खोट काढता आली नसती. वाढणं झालं. पहिला घास मोरिता-सान यांनी घेतला, कारण तसाच प्रघात होता.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. बराच वेळ चावलं. मग चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, दोन्ही टोकं जुळवून, आणि हात मांडीवर घेतले.

"कोरे," त्या काकांकडे बघून म्हणाल्या, "आकान."

न्हाव्याचा हात हवेत राहिला. कोरे म्हणजे हे; आकान हा शब्द मात्र रेल्वेच्या सूचनांत येत नाही. तो या भागातल्या बोलीतला आहे. त्याचा अर्थ 'हे काही चालायचं नाही', आणि तो मुलांना, नवऱ्याला आणि हरणाऱ्या बेसबॉल टीमला म्हणतात. काकांना तो या टेबलावर कधीच कोणी म्हटला नव्हता.

"चामडं आहे हे," मोरिता-सान बोलीतच पुढे म्हणाल्या. "गाजर कच्चं आहे. मला दातांचा त्रास आहे. मी किती दिवस गाजर बाजूला ठेवतेय, बघता तरी का तुम्ही?"

"बघतो," काका म्हणाले.

"मग?"

न्हाव्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने टेबलाखालून त्याला पाय मारला असावा, पण त्याचा परिणाम उलटाच झाला आणि न्हावी बोलत सुटला. "गेल्या रविवारी मी घरी जाऊन दात घासले. दुधाचं काय ते?"

"चष्मा विसरलो होतो," काका म्हणाले.

"चष्मा विसरून मी लोकांचे केस कापले तर?"

"तुम्ही चष्मा लावूनही कान कापता," काका म्हणाले, जपानीत, बोलीत. कोणाच्याच हे लक्षात आलं नाही इतकं ते सहज आलं. न्हाव्याची बायको हसली आणि मग तिने मांजराचं सांगून टाकलं.

काका सगळ्यांना उत्तर देत होते, प्रत्येक तक्रारीवर 'पुढे' म्हणत होते. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून असं चामडं?"

"नवी शेगडी आली तेव्हापासून," मोरिता-सान म्हणाल्या.

"शेगडीचा काय संबंध?"

"तुम्ही फिरायला जाता. दहाच्या सुमारास ती वाजते. पी, पी, पी. मग आतली बाई बोलते, 'सुरक्षेसाठी गॅस बंद करण्यात आला आहे.' माझ्या स्वयंपाकघराची खिडकी समोर आहे. दर रविवारी ऐकते."

काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. जपानी शेगड्या काळजीवाहू असतात. दोन तास कोणी बटणाला हात लावला नाही तर त्या स्वतःहून विझतात. काका आठला हंडी ठेवून बाहेर पडत आणि बाराला परत येत. झाकण न उघडण्याचा नियम, म्हणून बिडाची हंडी गरम लागली की ते समाधानी. मी व्यवसायाने टेस्टर. मी दर रविवारी साडेबाराला येऊन लोकांचे चेहरे तपासले होते, शेगडी नाही.

"मग सांगितलं का नाही?" काका म्हणाले.

"मला वाटलं, पाककृतीतच असेल." मोरिता-सान जराशा ओशाळल्या. "अमिश लोक वेगळे असतात ना. ओकुसान सांगायच्या."

ओकुसान म्हणजे काकू. काकांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"तिचं कसं व्हायचं?"

न्हाव्याच्या बायकोने त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

"मी कधी चाखलं नाही. ती विचारायची नाही, मी बोलायचो नाही. जगात तेवढ्याच एका गोष्टीला मी कधी नाव ठेवलं नाही."

"मऊ व्हायचं," मोरिता-सान म्हणाल्या. "फार मऊ." मग त्यांनी न्हाव्याकडे पाहिलं आणि न्हाव्याने मान हलवली. "पण खारट."

"खारट?"

"पहिल्यापासून. भात दुप्पट लागायचा. मी दर रविवारी सांगायचे. सगळेच सांगायचे."

"तुम्ही तिला सांगायचात?"

"मग? ओकुसानना आम्ही काहीही सांगायचो." त्यांनी काकूंचा आवाज काढला, परदेशी उच्चारांतली कोबेची बोली. "'खारट आहे? मग पाणी प्या.'"

न्हावी हसला. त्याची बायको हसली, मग तिने डोळ्याला रुमाल लावला. काका टेबलक्लॉथवरची ती न मोडलेली घडी तळव्याने सपाट करत होते. शेवटी मराठीत, मला किंवा कोणालाच नाही, म्हणाले, "आणि मी बाजूला बसून वरणभात खात होतो."

मग त्यांनी मोरिता-सान यांची ताटली उचलली, त्यातलं मांस परत हंडीत टाकलं, न्हाव्याचंही टाकलं, झाकण लावलं आणि हंडी शेगडीवर ठेवली. "तीनला या सगळे," ते म्हणाले. "हे जेवण झालं नाही. मी उभा राहतो इथे."

तीनला सगळे परत आले. काहीजण, मला नक्की माहीत आहे, त्याआधी घरी काहीतरी खाऊन आले होते.

सोमवारी एजंटला फोन गेला, तो करार वाढवायचा म्हणून. पुतण्याला काकांनी कळवलं की खोली भाड्याने दे, पण शाकाहारी माणसाला देऊ नको, फार चिकित्सक असतात.

आता रविवारी काका दहाच्या आत फिरून येतात, आणि मोरिता-सान दहाला, शेगडी वाजण्याच्या बेताला, स्वतःचा चमचा घेऊन येतात. पहिल्या दिवशी त्यांनी सरळ हंडीला हात घातला तेव्हा काका म्हणाले की झाकण मधे उघडायचं नसतं, हा मंडळींचा नियम आहे.

"ओकुसान उघडायच्या," मोरिता-सान म्हणाल्या. "तुम्ही फिरायच्या बुटांची नाडी बांधत असायचा तेव्हा."

काकांनी झाकण ठेवायला ताटली पुढे केली. मी मागच्या रविवारी तिथे होते. मोरिता-सान यांनी झाकण उचललं, वाफ बाजूला होऊ दिली, चमच्याच्या कडेने मांस दाबून पाहिलं, रस्सा जिभेवर घेतला. काका हात पुसायचं फडकं धरून शेजारी उभे होते, परीक्षेचा निकाल लावतात तिथे मुलं उभी राहतात तसे.

"मादा," मोरिता-सान म्हणाल्या. अजून नाही.

काकांनी शेगडीचं बटण पुन्हा दाबलं, त्यांच्यासाठी एक स्टूल ओढलं, आणि दुसऱ्यावर स्वतः बसले.